मालवणच्या मतदाराला विचारलं होतं

२००५ च्या जुलैमध्ये शिवसेनेतून हकालपट्टी झाल्यावर नारायण राणे काँग्रेसमध्ये गेले. त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि त्याच मालवण मतदारसंघातून पुन्हा अर्ज भरला. १९९० पासून ज्या मतदारांनी त्यांना धनुष्यबाणावर निवडून दिलं होतं, त्यांच्याच दारात ते आता पंजा घेऊन उभे राहिले. नोव्हेंबरात पोटनिवडणूक झाली, राणे मोठ्या फरकाने जिंकले आणि शिवसेनेच्या उमेदवाराची अनामतही वाचली नाही.

राणे यांच्या राजकारणाबद्दल कोकणात दोन टोकांची मतं आहेत आणि त्यांतल्या कुठल्याही टोकाला जाण्याचं मला कारण नाही. पण आज महाराष्ट्रात पक्षांतराची चर्चा सुरू झाली की मला ती पोटनिवडणूक आठवते. गेल्या काही वर्षांत आमदारांचे गटच्या गट इकडून तिकडे गेले, सरकारं पडली, सरकारं आली, पक्षांची नावं आणि चिन्हं हातोहात बदलली, आणि या सगळ्यात एकाही मतदारसंघातल्या माणसाला कोणी विचारलं नाही की बाबा, तुझं मत आम्ही दुसरीकडे नेतोय, तुला चालेल का? मालवणला हे विचारलं गेलं होतं. पक्ष बदललेल्या माणसाला मतदारांनी स्वीकारलं की नाकारलं, हा पुढचा प्रश्न. आधी त्यांना विचारलं गेलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि राणे यांचीच कारकीर्द ते पटवून द्यायला पुरेशी आहे, कारण तिच्यात विचारणंही आहे आणि मतदाराला वळसा घालून जाणंही आहे.

ही कारकीर्द थोडक्यात पाहू. मुंबईत चेंबूरला शिवसेनेचं काम, १९८५ मध्ये महापालिकेत नगरसेवक, नंतर बेस्ट समितीचं अध्यक्षपद, आणि १९९० मध्ये मालवणमधून विधानसभा. हा सगळा भाग तेव्हाच्या राजापूर लोकसभा मतदारसंघातला, म्हणजे बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते यांना वर्षानुवर्षं निवडून देणारा. समाजवाद्यांच्या या मुलखात शिवसेना आली ती मुंबईच्या चाकरमान्यांच्या बोटाला धरून. लालबाग-परळच्या शाखेत बसणारा मुलगा गणपतीला गावी यायचा आणि सोबत शाखा घेऊन यायचा. राणे यांनी त्या भावनेला संघटनेचा सांगाडा दिला. युतीच्या सरकारात ते मंत्री झाले, फेब्रुवारी १९९९ मध्ये मनोहर जोशींच्या जागी मुख्यमंत्री झाले. काही महिन्यांतच निवडणुका झाल्या, युतीची सत्ता गेली आणि ते विरोधी पक्षनेते झाले. २००३ मध्ये महाबळेश्वरच्या अधिवेशनात उद्धव ठाकरे कार्याध्यक्ष झाले, तिथून त्यांचं बिनसत गेलं, आणि दोन वर्षांनी ते पक्षाबाहेर होते.

आता कायद्याकडे येतो, कारण मालवणची पोटनिवडणूक केवळ राणे यांच्या मनाच्या मोठेपणातून झाली असं समजणं बरोबर नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. पक्ष सोडणारा आमदार अपात्र ठरेल, पण विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर ती ‘फूट’ मानली जाईल आणि कोणी अपात्र ठरणार नाही, अशी ती तरतूद होती. एकट्याने केलं तर गुन्हा आणि एक तृतीयांशांनी मिळून केलं तर राजकारण. छगन भुजबळ १९९१ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात शिवसेनेतून बाहेर पडले ते याच वाटेने. शिवसेनेचे तेव्हा ५२ आमदार होते आणि भुजबळांच्या पत्रावर १८ जणांच्या सह्या होत्या. त्यांतले काही लगेच परत फिरले, पण फूट कायदेशीर ठरली. भुजबळ काँग्रेसच्या सरकारात मंत्री झाले. माझगावच्या मतदाराला त्यावर बोलायची संधी मिळाली ती १९९५ मध्ये, आणि त्याने भुजबळांना पाडलं. मधल्या तीन वर्षांहून अधिक काळ माझगावने धनुष्यबाणाला दिलेलं मत काँग्रेसच्या सरकारात बसलं होतं.

भुजबळ मंडल आयोगाच्या प्रश्नावर बाहेर पडले, असं ते तेव्हापासून सांगत आले. विरोधी पक्षनेतेपद जोशींकडे गेल्याची सल हेही कारण होतं, असं त्यांचे विरोधक सांगत आले. माणसाच्या मनात काय होतं हे ठरवायला कुठलंही न्यायालय, कुठलाही अध्यक्ष आणि कुठलाही लेखक असमर्थ आहे. ओबीसींच्या प्रश्नावर भुजबळांनी पुढे उभं केलेलं काम खरं आहे, हेही कोणी नाकारू नये. म्हणूनच पक्षांतराची शुद्धता हेतूवरून तपासू नये असं मला ठामपणे वाटतं. तत्त्वासाठी गेला की खुर्चीसाठी, ही चर्चा कधीच संपत नाही आणि तिच्या आडोशाने सगळे सुटतात. तपासता येते ती कृती. जागा सोडली का? लोकांपुढे गेला का?

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांशाची पळवाट बंद केली. दोन तृतीयांश आमदारांसह दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची तेवढी उरली. २००४ च्या निवडणुकीत शिवसेनेचे ६२ आमदार निवडून आले होते. राणे यांच्यासोबत जायला तयार असलेले त्याच्या दोन तृतीयांशांच्या आसपासही नव्हते. एक तृतीयांशाची सोय शिल्लक असती तर कदाचित गोळाबेरीज झाली असती आणि मालवणला कोणी विचारलंच नसतं. कायद्याने वाट अरुंद केली म्हणून राजीनामा आला. त्यांच्यासोबतच्या काही आमदारांनीही राजीनामे दिले. कायदा नीट असेल तर राजकारणी नीट वागतात, त्यासाठी ते साधुसंत असावे लागत नाहीत, असा याचा मी अर्थ लावतो. निवडणुका आल्या की आपण ‘निष्ठावंत’ माणसं शोधत बसतो. त्यापेक्षा नियम शोधावेत.

पण मालवणच्या त्या कौलातही एक मोठी खोट होती आणि ती लपवून माझा मुद्दा पुढे जाणार नाही. पोटनिवडणुकीच्या आधीच राणे विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री झाले होते. राज्यघटनेच्या १६४ व्या कलमानुसार सभागृहाचा सदस्य नसलेला माणूस सहा महिने मंत्री राहू शकतो. त्या सोयीचा उपयोग झाला. म्हणजे मालवणच्या मतदारापुढे जो उमेदवार उभा होता तो राज्याचा महसूलमंत्री होता. सातबारा, तलाठी, तहसीलदार ही सगळी यंत्रणा ज्याच्या हाताखाली, तो मतं मागायला आलेला. वाडीत रस्ता हवा असणाऱ्या, फेरफार अडकलेल्या माणसाने काय करावं? त्याचं मत त्याने मनापासून दिलं असेलही, माझी त्यावर शंका नाही, राणे यांचं कोकणातलं वजन खरंच मोठं होतं. पण परीक्षेच्या आधीच बक्षीस हातात ठेवलेलं असेल तर ती परीक्षा निर्मळ राहत नाही.

आणि इथे मला एका जुन्या अहवालाची आठवण होते. १९६७ च्या निवडणुकीनंतर हरियाणातल्या गयालाल यांच्या नावावरून ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द देशभर झाला. उत्तरेतली सरकारं महिन्यामहिन्याला कोसळू लागली, तेव्हा केंद्राने पक्षांतरावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. १९६९ मध्ये आलेल्या अहवालात एक आकडा आहे, तो मला पक्षांतरावरच्या सगळ्या भाषणांपेक्षा बोलका वाटतो. सात राज्यांतल्या सुमारे २१० फुटीर आमदारांपैकी ११६ जण, ज्या सरकारांना त्यांनी फुटून जन्म दिला त्याच सरकारांत मंत्री झाले होते. निम्म्याहून जास्त. चव्हाण समितीने यावर सुचवलेला उपाय साधा होता: पक्ष सोडणाऱ्याला एक वर्ष, किंवा राजीनामा देऊन तो पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्रिपद देऊ नये. आपल्याच मातीतल्या माणसाच्या अध्यक्षतेखाली ही शिफारस झाली, आणि आपल्याच राज्यात ती सर्वांत जास्त पायदळी तुडवली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चव्हाण पुढे स्वतः इंदिरा गांधींपासून दुरावले, रेड्डी काँग्रेसमध्ये राहिले आणि १९८१ मध्ये परतले, हे खरं आहे. त्याने शिफारशीचं मोल कमी होत नाही.

९१ व्या घटनादुरुस्तीने ती शिफारस अर्धीमुर्धी स्वीकारली. अपात्र ठरलेल्या सदस्याला पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत मंत्री होता येत नाही. पण अपात्र ठरवणार कोण? सभागृहाचा अध्यक्ष. आणि अध्यक्ष कोणाचा? ज्यांचं बहुमत त्यांचा, म्हणजे बहुतेक वेळा फुटिरांच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या सरकारचा. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासोबत शिवसेनेचे सुमारे ४० आमदार गेले. याचिका लगेच दाखल झाल्या. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांना वाजवी वेळेत निर्णय द्यायला सांगितलं, नंतर मुदतही घालून द्यावी लागली, आणि १० जानेवारी २०२४ ला निर्णय आला तो असा की दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र नाही. त्याआधी २ जुलै २०२३ ला अजित पवारांनी आणखी आठ जणांसह मंत्रिपदाची शपथ घेतली होती. राष्ट्रवादीच्या याचिकांचाही फेब्रुवारी २०२४ मध्ये तसाच निकाल लागला, कोणीही अपात्र नाही. विधानसभेची मुदतच त्या वर्षाअखेर संपत आलेली. ज्या मतदारांनी २०१९ मध्ये मतं दिली, त्यांची पाच वर्षं अशी संपली.

या नव्या तऱ्हेत विलीनीकरणाचीही गरज उरलेली नाही. ‘आम्ही पक्ष सोडला नाही, आम्हीच पक्ष आहोत’ एवढं म्हटलं की पुरतं. मग मूळ पक्ष कोणता याचा वाद निवडणूक आयोग, अध्यक्ष आणि न्यायालय यांच्यात फिरत राहतो, आणि तिघांपैकी कोणीही मतदार नसतो.

गोव्यात तर विलीनीकरणाची वाट हमरस्ता झाली आहे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले आणि त्यांच्यातले काही लगेच मंत्री झाले. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२२ मध्ये ते पक्षांतर कायद्यात बसतं असं ठरवलं. त्याच वर्षीच्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात नेऊन एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायला लावली होती. सप्टेंबरात ११ पैकी ८ जण भाजपमध्ये गेले. देवापुढे घेतलेली शपथ टिकली नाही म्हणून गोंयकारांनी देवाकडे तक्रार करावी का? ज्याच्या मताच्या जोरावर ही आमदारकी होती, त्या पणजी-मडगावच्या माणसाकडे परत जाण्याची सक्ती असती तर देवाला मध्ये घालायची वेळच आली नसती.

लोक विसरतात, त्यांना काही वाटत नाही, पैसा आणि जात बघून मतं देतात, मग विचारून उपयोग काय, असं अनेक सुशिक्षित लोक म्हणतात. या म्हणण्याचा मला राग येतो. साताऱ्याने याचं उत्तर दिलेलं आहे. उदयनराजे भोसले मे २०१९ मध्ये राष्ट्रवादीच्या घड्याळावर लोकसभेत गेले, सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये दाखल झाले आणि ऑक्टोबरात विधानसभेसोबतच पोटनिवडणूक झाली. छत्रपतींच्या गादीचे वारस, तीन वेळा निवडून आलेले खासदार, केंद्रात आणि राज्यात त्यांच्या नव्या पक्षाची सत्ता. साताऱ्याने त्यांना पाडलं आणि श्रीनिवास पाटलांना निवडून दिलं. शरद पवारांची पावसातली सभा सगळ्यांना आठवते, आणि ती आठवण्याजोगीच होती, पण त्या निकालाचं श्रेय एका सभेला देऊन टाकलं की सातारकरांच्या विवेकाला आपण कमी लेखतो. मालवणने पक्ष बदललेल्या माणसाला स्वीकारलं, साताऱ्याने नाकारलं. दोन्ही ठिकाणी लोकांनी विचार करून मत दिलं. यापेक्षा मोठा पुरावा कोणाला हवा आहे?

उदयनराजेंनी राजीनामा दिला, हरले, यात मी त्यांना दोष देणार नाही. त्यांनी योग्य तेच केलं. दोष पुढच्या गोष्टीत आहे. साताऱ्याच्या नकाराला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, २०२० मध्ये, ते भाजपकडून राज्यसभेत गेले. २०२४ मध्ये ते साताऱ्यातून पुन्हा लोकसभेवर निवडून आले, तो कौल निर्विवाद आहे. पण मधल्या काळात साताऱ्याने ऑक्टोबरमध्ये दिलेल्या उत्तराचं काय झालं?

राणे यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध हाच प्रश्न आणखी मोठा करतो. काँग्रेसमध्ये मुख्यमंत्रिपदाचा शब्द दिला होता, असं ते सांगत राहिले. २००८ च्या डिसेंबरात अशोक चव्हाणांची निवड झाल्यावर त्यांनी हायकमांडवरच तोफ डागली, निलंबित झाले, नंतर परत घेतले गेले. २००९ मध्ये ते कुडाळमधून निवडून आले. २०१४ मध्ये त्याच कुडाळने त्यांना वैभव नाईकांकडून हरवलं. २०१५ मध्ये वांद्रे पूर्वच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा हरले. २०१६ मध्ये काँग्रेसने त्यांना विधान परिषदेवर पाठवलं. २०१७ मध्ये त्यांनी काँग्रेस आणि परिषदेची जागा दोन्ही सोडली, स्वतःचा महाराष्ट्र स्वाभिमान पक्ष काढला, २०१८ मध्ये भाजपच्या पाठबळावर राज्यसभेत गेले, २०१९ मध्ये पक्ष भाजपमध्ये विलीन केला आणि २०२१ मध्ये केंद्रात मंत्री झाले. २००९ नंतर थेट लोकांच्या मतावर त्यांनी निवडणूक जिंकली ती २०२४ मध्ये, रत्नागिरी-सिंधुदुर्गातून. मधली पंधरा वर्षं, दोन पराभव, तीन पक्ष आणि केंद्रीय मंत्रिपद. हे सगळं नियमात बसतं. परिषदेची जागा सोडली ती रीतही योग्यच. पण २००५ मध्ये ज्या नेत्याला मालवणच्या वाड्यावाड्यांत जाऊन आपला पक्ष का बदलला हे सांगावं लागलं होतं, त्याला दुसऱ्या वेळी ते कोणालाच सांगावं लागलं नाही. वरच्या सभागृहाचा मतदार आमदार असतो, आणि आमदाराला पक्ष सांगतो.

आज राणे भाजपचे खासदार आहेत, नितेश राणे कणकवलीचे भाजपचे आमदार आणि राज्यात मंत्री आहेत, आणि नीलेश राणे कुडाळमधून शिंदे यांच्या शिवसेनेकडून, धनुष्यबाणावर, निवडून आले आहेत. ज्या चिन्हाविरुद्ध २००५ मध्ये ती लढाई झाली, त्याच चिन्हावर. नीलेश यांनी २०२४ मध्ये लोकांची मतं घेतली, त्यामुळे त्यांच्या निवडीला माझा आक्षेप नाही. मला वाईट वाटतं ते त्या माणसांचं, ज्यांनी २००५ च्या त्या तापलेल्या निवडणुकीत एकमेकांची तोंडं बघायची सोडली. पोलीस बंदोबस्तात झालेल्या त्या प्रचारात भावकी दुभंगली, शेजार तुटले. नेत्यांचं मनोमीलन होतं. बूथवर बसणाऱ्या कार्यकर्त्याला त्याच्या मनोमीलनासाठी कोणी बोलावत नाही. पक्षांतराची किंमत मोजताना सरकारी तिजोरीचा हिशेब होतो, या माणसांचा होत नाही.

पक्षांतरबंदीवर आणखी एक आक्षेप गंभीर आहे आणि मी तो मानतो. पक्षादेशाच्या भीतीने आमदार-खासदार बाहुले झाले आहेत, मग त्यांना आणखी का बांधायचं? १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सुचवलं होतं की पक्षादेश मोडल्याची अपात्रता सरकारच्या विश्वासदर्शक किंवा अविश्वास ठरावापुरती ठेवावी. हे करावंच. शेतीच्या, शिक्षणाच्या, धरणाच्या विधेयकावर आमदाराला आपल्या तालुक्याच्या बाजूने, पक्षाविरुद्ध मत देता आलं पाहिजे. पक्षात राहून भांडायची मुभा द्या, मग पक्ष सोडायची गरजही कमी होईल. मधु दंडवते १९७१ मध्ये प्रजा समाजवादी म्हणून राजापुरातून निवडून आले, १९७७ मध्ये जनता पक्षाचे म्हणून, १९८९ मध्ये जनता दलाचे म्हणून. पक्षाचं नाव बदललं, प्रत्येक नव्या नावानिशी ते लोकांपुढे गेले, आणि लोकांना त्यांच्यात तोच माणूस दिसला.

पोटनिवडणुकांचा खर्च वाढेल, असंही म्हटलं जातं. वाढू दे. आणि राजीनाम्याची सक्ती हे सगळ्यावरचं औषध नाही, हे कर्नाटकाने दाखवलं. २०१९ मध्ये तिथे आमदारांनी राजीनामे देऊनच सरकार पाडलं, मग डिसेंबरच्या १५ पोटनिवडणुकांत भाजपने १२ जागा जिंकल्या आणि निवडून आलेल्या बहुतेक फुटिरांना पुढे मंत्रिपदं मिळाली. राजीनामा हाच तिथे सौद्याचा भाग झाला होता. म्हणून चव्हाण समितीपेक्षा एक पाऊल पुढे जायला हवं.

पक्ष सोडला, एकट्याने सोडला किंवा पन्नास जणांनी मिळून, आणि आम्हीच मूळ पक्ष असा दावा करून नव्या सरकारला पाठिंबा दिला, तरी जागा रिकामी झाली पाहिजे. तो निर्णय अध्यक्षांऐवजी निवडणूक आयोगाने किंवा स्वतंत्र लवादाने तीन महिन्यांत द्यावा. पोटनिवडणूक लढवायला त्या माणसाला पूर्ण मोकळीक असावी. पण त्या सभागृहाची मुदत संपेपर्यंत, पुन्हा निवडून आला तरी, त्याला मंत्रिपद नाही, महामंडळ नाही, आणि हरला तर राज्यसभा किंवा विधान परिषदेचं दारही उघडं नाही. ज्याला खरोखर तत्त्वासाठी जायचं आहे त्याला यात काहीच गमवावं लागत नाही. तो आमदार राहू शकतो, सभागृहात बोलू शकतो, नव्या पक्षाचं काम करू शकतो. २००५ मध्ये हा नियम असता तरी राणे मालवणमधून जिंकले असते, असं मला वाटतं. मग मालवणची माणसं कुठल्याही महसूलमंत्र्याकडे न बघता मत देऊन आली असती, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत राणे यांना फक्त मालवणचा आमदार म्हणून राहावं लागलं असतं.